फळप्रक्रिया युनिटातली कोंडी: शोधायची कशी आणि सोडवायची कशी

तुमच्या युनिटातून दिवसाला किती माल बाहेर पडतो, हे एकच जागा ठरवते. बाकीची यंत्रं कितीही नवी असोत, त्या जागेपुढे कुणाचं काही चालत नाही. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पणजीहून गाडी कितीही वेगाने आणली तरी धक्क्यावर रांग असली की तो वेग तिथेच संपतो. रस्ता रुंद केल्याने चोडणला लवकर पोचता येत नाही. फेरीबोट लवकर भरून लवकर सुटली तरच येतं.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान युनिटात उत्पादन सांभाळते. आंब्याचा पल्प, भिरंडाचं म्हणजे कोकमाचं सरबत, अननसाचा जॅम असं आमचं काम, आणि हंगामात वीस-बावीस माणसं. आमची फेरीबोट कुठली हे कळायला दोन हंगाम गेले. पहिल्या वर्षी सगळ्यांचा राग पल्परवर, म्हणजे गर काढणाऱ्या यंत्रावर होता. तो मोठा आवाज करायचा, त्याची चाळणी तुंबायची, त्यामुळे दोष त्याचाच वाटायचा. म्हणून मोठा पल्पर आणला. उत्पादन तसूभरही वाढलं नाही. फक्त पुढच्या केटलसमोर, म्हणजे पल्प तापवायच्या भांड्यासमोर, पल्पच्या बादल्या वाढल्या आणि त्यातल्या काही दुपारच्या उकाड्यात आंबून फेकाव्या लागल्या. तो पैसा आणि ती फळं वाया गेल्याचं अजून वाईट वाटतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी सगळं एका मापात आणा

धुण्याच्या टाकीवर विचारलं तर क्रेटमध्ये उत्तर मिळतं, सोलण्याच्या टेबलावर किलोमध्ये, केटलवर घाण्यांत (एका वेळी भरून तापवलेला माल म्हणजे एक घाणा), फिलिंगवर बाटल्यांत. चार मापं चार तोंडांनी बोलत असतील तर तुलना होणारच नाही. आम्ही सगळं 'तासाला किती किलो पल्प' या एकाच मापात बदलतो.

त्यासाठी उतारा माहीत हवा. शंभर किलो पिकलेल्या आंब्यातून तुमच्याकडे किती पल्प निघतो, हे स्वतः वजन करून ठरवा. जात, पिकण्याची अवस्था, फळाचा आकार यांवर तो बराच बदलतो. आमच्या मालात तो साधारण निम्मा येतो, म्हणून खालच्या हिशोबात मी पन्नास टक्के धरले आहेत. कोय, साल आणि टेबलावरचा टाकाऊ भागही तोला. सालीला चिकटून किती गर जातो, हे त्याच वेळी दिसतं.

यंत्राच्या पाटीवरचा आकडा या हिशोबात घेऊ नका. तो आकडा यंत्र न थांबता चाललं तर किती देईल, हे सांगतो. चाळणी धुणं, वीज जाणं, समोर बादली नसणं हे सगळं धरून तासाला खरोखर किती माल पडतो, तो आकडा आपला.

मागून पुढे चाला

सकाळी अकराच्या सुमारास, काम रंगात आलेलं असताना, पाठवणीच्या दारापासून सुरू करून उलटे फळांच्या आवारापर्यंत चाला. प्रत्येक जागी दोनच गोष्टी टिपा: या जागेसमोर माल साचला आहे का, आणि इथली माणसं वाट बघत उभी आहेत का?

ज्या जागेच्या आधी ढीग आणि नंतर रिकामी माणसं, तिथे कोंडी असण्याची शक्यता सर्वात जास्त. आमच्याकडे फिलिंगच्या बायका दिवसातून सहा-सात वेळा हात पुसून उभ्या राहायच्या. त्या हळू काम करतात असा समज होता. खरं तर त्यांच्यापर्यंत गरम पल्पच पोचत नव्हता.

पण ढिगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लेबलिंगसमोर बाटल्यांचा डोंगर असतो, तो बहुतेक वेळा कोंडी नसतो. थंड झालेली, झाकण लागलेली बाटली थांबू शकते. कच्चा पल्प थांबू शकत नाही. जो ढीग वेळेबरोबर खराब होतो, तोच ढीग महत्त्वाचा.

पाच दिवसांची नोंद

एका फेरीत दिसलेलं खरं मानू नका. प्रत्येक जागी एक कागद टांगा. त्यावर तासांचे रकाने करा: त्या तासात किती माल पुढे गेला, किती मिनिटं थांबलं आणि का. कारणांसाठी पाच-सहा शब्द ठरवून ठेवा: माल नाही, पुढे जागा नाही, बिघाड, धुणं, वीज, माणूस नाही. लिहिणाऱ्याला फक्त रेघा ओढाव्या लागतील असं करा, आणि शब्द कोकणी-मराठीत ठेवा. इंग्रजी फॉर्म दिला तेव्हा आमच्याकडे तो संध्याकाळी एकाच बैठकीत अंदाजाने भरला जायचा.

पहिल्या दोन कारणांतला फरक नीट समजावून सांगा, सगळी मेख तिथेच आहे. 'माल नाही' म्हणून थांबणारी जागा कोंडीच्या पुढे असते. 'पुढे जागा नाही' म्हणून थांबणारी जागा कोंडीच्या मागे असते. जी जागा या दोन्ही कारणांनी जवळजवळ कधीच थांबत नाही, ती कोंडी.

पाच दिवसांत किमान एक वाईट दिवस येऊ द्या. वीज गेली, फळ उशिरा आलं, कुणी आलं नाही असा. चांगल्या दिवसाचे आकडे सुखावतात, पण हंगामात वाईट दिवसच जास्त असतात.

आमच्या नोंदीतून आलेलं चित्र तासाला किलो पल्पमध्ये असं होतं: धुणं ४००, सोलणं-कापणं १६०, नवा पल्पर २५०, केटल १००. फिलिंगचा वेगळा आकडा काढता येत नव्हता, कारण फिलिंग मशीन थेट केटलला जोडलेलं होतं. पुढचा सगळा प्रकार त्या जोडणीतच दडलेला होता.

कोंडीच्या जागेचं चक्र मिनिटांत फोडा

केटल २५० लिटरची, एका घाण्यात २०० किलो पल्प. एक घाणा पूर्ण व्हायला १२० मिनिटं लागत होती. स्टॉपवॉच घेऊन मी दोन दिवस तिच्याशेजारी उभी राहिले, तेव्हा ती १२० मिनिटं अशी विभागलेली दिसली:

भरणं १० मिनिटं
९० अंशांपर्यंत तापवणं ४० मिनिटं
ब्रिक्स (गोडी) आणि पीएच (आंबटपणा) यांच्या निकालाची वाट १५ मिनिटं
फिलिंगला रिकामी होणं ४५ मिनिटं
धुणं १० मिनिटं

तापवण्यापेक्षा जास्त वेळ केटल नुसती टाकी म्हणून उभी होती! आमचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र बाटल्यांची वाट बघत होतं. अशी विभागणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

*रिकामी होणं, ४५ वरून २५.* पाचशे ग्रॅमच्या बाटलीत भरायचं तर एका घाण्याला ४०० बाटल्या लागतात. त्या धुऊन, कोमट करून तयार नसायच्या. थंड काचेत उकळता पल्प ओतला तर काच तडकते, म्हणून भरणाऱ्या थांबायच्या. आता नियम असा: केटल ७० अंशांवर यायच्या आत ४०० गरम बाटल्या आणि झाकणं टेबलावर. त्यासाठी धुण्याच्या टाकीवरचा एक माणूस इकडे आणला. तिथे क्षमता चारपट होती, तो गेल्याने काही अडलं नाही. झाकणं लावायला एकाऐवजी दोघी. आणि नोझलमध्ये आंब्याचे धागे अडकायचे, म्हणून आधी एक गाळणी बसवली.

*तापवणं, ४० वरून २८.* पल्प तापायला वेळ लागतो तेव्हा बॉयलर लहान आहे असं सगळे म्हणतात. आधी साधा हिशोब करा. २०० किलो पल्प ३० वरून ९० अंशांवर न्यायला सुमारे ४५,६०० किलोज्यूल उष्णता लागते, कारण पल्पची विशिष्ट उष्णता ३.८ च्या आसपास धरता येते. एक किलो वाफ पाणी होताना साधारण २,२०० किलोज्यूल देते. म्हणजे वाफ लागते २१ किलो, गळती धरून पंचवीस-तीस. तासाला १०० किलो वाफ देणाऱ्या लहान बॉयलरलाही हे जड नाही.

मग बॉयलरच्या प्रेशर गेजकडे बघा. केटल तापताना तिथला दाब घसरत असेल तर वाफ खरंच कमी पडते. दाब जागच्या जागी आणि केटल मात्र सुस्त, तर अडचण केटलच्या जॅकेटमध्ये, म्हणजे वाफ खेळणाऱ्या बाहेरच्या कवचात आहे. आमच्याकडे दुसरी गोष्ट निघाली. वाफेचं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप अडकला होता, त्यामुळे जॅकेटचा खालचा भाग पाण्याने भरलेला राहायचा. पाण्यात बुडालेल्या जॅकेटवर ताजी वाफ पोचत नाही. ट्रॅपचं तापमान लांबून मोजायच्या थर्मामीटरने बघा. आजूबाजूचा पाइप गरम आणि ट्रॅप बराच थंड असेल, तर पाणी आत कोंडलं आहे. सकाळी पहिल्या घाण्याआधी जॅकेटमधली हवा बाहेर सोडायलाही विसरू नका. वाफेत मिसळलेली हवा तापमान खाली आणते. हे काम बॉयलर चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसानेच करावं. वाफेच्या वाटेला हौसेने हात लावू नये.

*वाट बघणं, १५ वरून ५.* तपासणीची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. नमुना तिकडे जायचा, थंड व्हायचा, मग निकाल. आता ब्रिक्स आणि पीएच कच्च्या पल्पच्या टाकीतच बघतो आणि सायट्रिक ॲसिड तिथेच घालतो. केटलमध्ये फक्त शेवटची खात्री करायची. रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच मीटर केटलपासून चार पावलांवर ठेवला आहे.

भरणं आणि धुणं यांत आठ मिनिटं वाचली: टाकी उंचावर ठेवली, धुण्याचा पाइप जवळ आणला. सगळं मिळून चक्र ७० मिनिटांवर आलं. तासाला १०० किलोऐवजी १७१. खर्च झाला तो ट्रॅप, गाळणी आणि पाइप एवढाच.

एक गोष्ट मात्र कधीही कापू नका. ठरलेलं तापमान, त्या तापमानावर धरून ठेवायचा वेळ, भरताना बाटलीतली उष्णता आणि भरल्यावर बाटली आडवी ठेवून झाकण निर्जंतुक करायची मिनिटं. गरम भरण्याची पद्धत सुरक्षित असते ती पल्प पुरेसा आंबट असतो म्हणून. पीएच ४.६ च्या खाली हवाच, आम्ही तो चारच्या आत ठेवतो. यातलं काही बदलायचं मनात आलं तर आधी अन्नतंत्रज्ञाशी बोला. जुने गोवे इथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे. आपल्या किनारपट्टीच्या फळांबद्दल बोलायला एवढं जवळचं ठिकाण असताना नुसत्या ऐकीव माहितीवर चालू नये.

कोंडीच्या मागची घाई थांबवा

हे लोकांना पटायला सर्वात कठीण जातं. केटल तासाला १०० घेत असताना पल्पर २५० ने चालवणं म्हणजे काम नव्हे, नासाडी. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो: साचलेला माल भागिले तासाला पुढे जाणारा माल, म्हणजे प्रत्येक किलोला सरासरी थांबावं लागणारा वेळ. समोर १२० किलो पल्प साचला आहे आणि तासाला १०० पुढे जातो, तर थांबणं ७२ मिनिटं. मे महिन्याच्या उकाड्यात सव्वा तास उघडा ठेवलेला पल्प रंग बदलतो, आणि आंबण्याला सुरुवात करतो.

आमचा उपाय साधा आहे. केटलसमोर एका घाण्यापुरतीच टाकी. ती भरली की पल्पर बंद, आणि पल्परची माणसं सोलण्याच्या टेबलावर. यंत्र रिकामं दिसलं की मालकाच्या पोटात कालवतं हे मला माहीत आहे. पण सोलून, कापून, पल्प करून साचवलेल्या आंब्यापेक्षा क्रेटमधला अखंड आंबा कितीतरी जास्त टिकतो. थांबायचंच असेल तर फळाने सालीत थांबावं.

काजूच्या बोंडूंना तर तेही लागू नाही. झाडाखालून उचललेला बोंडू त्याच दिवशी संपवावा लागतो, म्हणून तिथे क्षमता आधी आणि खरेदी नंतर. उलट भिरंडाचं. साखरेच्या थरांत घातलेली भिरंडाची सालं सरबताचा रस सुटेपर्यंत काही दिवस तशीच राहतात. तिथे साठा असणं हा दोष नाही, ती कृतीच तशी आहे. एकाच छपराखाली दोन फळांना दोन वेगळे नियम लागतात.

कोंडी हलते, तुम्हीही हला

केटल १७१ वर गेली, तेव्हा सोलण्याचं टेबल १६० वर होतं. आता तीच नवी कोंडी. हे अपयश नाही, पण इथे बरेच जण जुन्याच जागेवर काम करत राहतात. दर दोन आठवड्यांनी नोंदीचे कागद पुन्हा मांडा.

टेबलावर आठ जणी, प्रत्येकी तासाला ४० किलो आंबे. त्यांना घाई करायला सांगून काही होत नाही, फक्त बोटं कापतात. त्यांच्याकडे तासभर बघा. आमच्याकडे प्रत्येक जण क्रेट आणायला उठत होती, साल टाकायला वळत होती, आणि कच्चट आंबा हाताला लागला की बाजूला काढत होती. क्रेट पोचवायला एक मुलगा दिला, सालीची बादली टेबलाला भोक पाडून खाली ठेवली, आणि कच्चट फळं धुण्यानंतरच वेगळी काढायला लावली. सुऱ्यांना रोज सकाळी धार. टेबलाची उंची चार बोटं वाढवली, तर संध्याकाळची कंबरदुखी कमी झाली आणि शेवटच्या दोन तासांतला वेगही टिकला.

फळ एकसारखं पिकलेलं मिळालं तर हेच टेबल आणखी हलकं होतं. त्यामुळे खरी सुरुवात पिकवण्याच्या खोलीत आहे. एकाच दिवशी सगळा माल आत घालू नका, रोजच्या क्षमतेइतके भाग करून एकेक दिवसाच्या अंतराने घाला. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तो मोह कुणालाच नको.

हंगामात फक्त फळ जे मागतं तेच करा

गोव्याच्या मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ताजा खाण्यासाठीच त्याला इतका भाव असतो की पल्पला तो परवडतो हंगामाच्या शेवटी. मुसराद ही आंब्याची दुसरी जातही मेमध्येच दाटते. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी असतो. म्हणजे वर्षाचं काम त्या तीन-चार आठवड्यांत ठरतं.

त्या काळात लेबल लावू नका, खोके भरू नका, जॅम करू नका. पल्प करून सुरक्षित बंद करा, क्रेटवर घाण्याचा क्रमांक आणि तारीख न चुकता लिहा, आणि पुढची फळं घ्या. लेबलं पाऊस सुरू झाल्यावर सावकाश लागतात. तेव्हा दमट हवेत ओली बाटली लेबल धरत नाही, म्हणून एक साधा ब्लोअर लावून ती आधी कोरडी करा. पल्पचा जॅम जुलैमध्ये करता येतो. तेव्हा झाडावर आंबा नसतो.

एकाच दिवशी दोन फळं करायची असतील तर फिक्याकडून गडद रंगाकडे जा: आधी अननस, मग आंबा, शेवटी भिरंड. मधली धुलाई हलकी होते. पल्परला जादा चाळणी घ्या. तुंबलेली काढून धुतली जाईपर्यंत दुसरी लावलेली असते. यंत्र बंद करून वीज तोडल्याशिवाय मात्र चाळणीला हात नाही.

कोंडीवरचा माणूस

केटल चालवणारा एकच असेल तर त्याचं जेवण हीदेखील कोंडी आहे. अर्ध्या तासाचं जेवण आणि दोन चहा मिळून आमची केटल दिवसाला एक तास बंद असायची. त्याचं जेवण कमी करायचं नाही, त्याच्या जागी उभं राहणारं दुसरं कुणी तयार करायचं. आम्ही दोघांना शिकवलं, त्यातली एक आधी झाकणं लावायची.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराई देवीची जत्रा असते, अगदी आंब्याच्या भरात. डिचोली-सत्तरीतले अनेक जण धोंड म्हणून व्रत पाळतात आणि ते दिवस कामावर येत नाहीत. ते तसंच असायला हवं. जत्रेची तारीख पंचांगात आधीच असते, तर ती उत्पादनाच्या पाटीवरही जानेवारीत लिहावी. त्या दिवसांची फळखरेदी कमी करावी, आणि यंत्रांची मोठी धुलाई तेव्हाच ठेवावी.

यंत्र विकत घ्यायचं कधी

हे सगळं झाल्यावर, आणि नोंदी एका पूर्ण हंगामाच्या झाल्यावर. आमच्या हिशोबात पुढचं पाऊल केटल आणि फिलिंग यांच्यामध्ये उष्णतारोधक टाकीचं आहे. घाणा आठ मिनिटांत त्या टाकीत गेला तर केटलचं चक्र ५३ मिनिटांवर येईल, म्हणजे तासाला २२६ किलो. पण सोलण्याचं टेबल तिथपर्यंत पोचल्याशिवाय ती टाकी नुसती शोभेला राहील. मोठ्या पल्परच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. म्हणून आधी टेबल, मग टाकी.

सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती आणि अटी अर्ज करण्याआधी विचारून घ्या. अनुदान मिळतं म्हणून यंत्र घेऊ नका. उरलेले ६५ टक्के तुमचेच असतात.

आणि मार्चमध्ये, पहिला आंबा यायच्या आधी, केटलमध्ये २०० लिटर पाणी घ्या. ते ३० वरून ९० अंशांवर जायला किती मिनिटं लागतात, ते मोजून केटलवर न पुसणाऱ्या शाईने लिहा. मेमध्ये कधी वेग कमी झाल्याचा संशय आला, तर रात्री धुऊन झाल्यावर हीच चाचणी परत घ्या. पाच मिनिटं जास्त लागली, तर सकाळी आधी स्टीम ट्रॅप बघा.